तांबड्या मोटारीचा उपास

“दसऱ्याला माझी मोटार देवखिंडच्या राजांच्या आधी घाटमाथ्यावर पोचली पाहिजे,” भूपाळराव सरकार गरजले, “आणि तिच्यावर खजिन्यातली एक पैही खर्च व्हायची नाही!”

मोटारीचा ड्रायव्हर दौलू मान खाली घालून उभा होता. त्याची मुलगी हौसा भाकरी घेऊन आली होती, ती मोटारखान्याच्या दारातच थबकली.

मोटार देखणी होती यात वाद नाही. तांबडी, लांब नाकाची, शर्यतीसाठीच बांधलेली. सरकारांनी ती विलायतेहून मागवली तेव्हा खजिना जो आटला तो अजून भरला नव्हता. एवढं करून ती दर दसऱ्याला हरायची. देवखिंडचे राजे मग भेटतील तिथे विचारायचे, “काय भूपाळराव, तांबडीला खायला काय घालता? चढ दिसला की बसते बिचारी!” हे सरकारांच्या जिव्हारी लागलं होतं.

दिवाणसाहेबांनी घसा साफ केला. “मुंबईहून मोठा कार्बोरेटर आणू. दुहेरी धुराडं बसवू, नवे टायर घालू. बैलगाड्यांवर थोडी पट्टी लावली की पैसा उभा राहील.”

“पट्टी नाही! लोक आधीच या मोटारीवरून मला हसतात. दौलू, तू बोल.”

“सरकार, प्लग घासले, तेल बदललं, चाकांत हवा भरली. फुकटात होन्यासारखं तेवढंच.”

“मग यंदा हरलास तर मोटारखान्यामागचं घर रिकामं कर. मी दुसरा ड्रायव्हर बघतो.”

हौसाने चमकून बापाकडे पाहिलं. त्याच घरात ती जन्मली होती, अंगणातली जाई तिनेच लावली होती. ती भाकरीचं फडकं खाली ठेवून पुढे आली.

“सरकार, मी बोलू का?”

“बोल. इथे सगळे बोलतातच.”

“मोटारीत घालायचं काय न्हाई, काढायचं हाय. माझा मामा शर्यतीला बैल सोडतो, तवा आधी झूल उतरवतो, घुंगरं काढतो. आपली मोटार मातर समदं लेऊन पळती.”

सगळ्यांनी मोटारीकडे पाहिलं. डाव्या पायरीवर चांदीची काठी घेतलेला चोपदार. उजव्या पायरीवर सरकारांवर सावली धरणारा अब्दागिरीवाला. मागच्या उघड्या बैठकीत दिवाणसाहेबांची जागा, मांडीवर पानदान. त्यांच्याही मागे दोरांनी आवळलेला नगारा आणि त्याला मिठी मारून बसलेला नगारची. संस्थानातला हत्ती गेला, घोडे गेले, मोटार आली. मान मात्र जागच्या जागी होते.

सरकारांचा चेहरा पडला. “अगं, हे आजोबांनी दिलेले मान. एकाला उतरवलं तर चौघे रुसतील. मोटार जिंकेल आणि दरबार बुडेल. कुणाचाही मान न दुखवता यांना उतरवून दाखव. ते जमलं आणि मोटार जिंकली, तर तुझं घर राहिलं!”

चोपदाराने काठी घट्ट धरली. नगारची नगाऱ्याला आणखी चिकटला. हौसा पदर खोचून चोपदारासमोर उभी राहिली.

“काका, सरकार जिंकून माथ्यावर आलं की ललकारी कुनी द्यायची?”

“मी. दुसऱ्या कुणाची छाती आहे?”

“मग जिंकून येनाऱ्याला सामोरं कोन जातं? आधी जाऊन थांबलेला मानूस. मोटारीला लोंबकळत आलेला सामोरा कसा जानार?”

चोपदाराने काठी या हातातून त्या हातात घेतली. हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

“नगारा मोटार दिसताक्षणी वाजाया नको? अब्दागिरी आधी उभी कराया नको? दिवाणसाहेबांनी विडा तयार ठेवाया नको? समद्यांनी आदल्या दिशी बैलगाडीनं वर जायाचं. बैल आमच्या मामाचं.”

दिवाणसाहेब कसले हार जातात! “आणि सरकार हरले, तर आम्ही वर उभं राहून सामोरं कुणाला जायचं?”

हौसाने डोळे मोठे केले. “सरकार हरतील, असं वाटतंय व्हय तुमाला?”

सरकारांनी सावकाश मान वळवून दिवाणांकडे पाहिलं. त्यानंतर बैलगाडीत पहिली जागा मागणारे दिवाणसाहेबच होते.

दसऱ्याला हौसा माथ्यावर मानकऱ्यांच्या शेजारी उभी होती. खालून दोन मोटारींचा आवाज येत होता, पण झाडीमुळे दिसत काहीच नव्हतं. घर राहतं की जातं, या विचाराने ती टाचा उंचावून वळणाकडे बघत होती. तेवढ्यात वळणावर लांब तांबडं नाक दिसलं आणि नगारा धडाडला. आत फक्त दोघे होते, सरकार आणि दौलू. बापाला हसताना पाहून हौसाला रडूच फुटलं.

बऱ्याच वेळाने देवखिंडची मोटार आली, वाफा सोडत, चार मानकरी पाठीवर घेऊन.

“भूपाळराव,” राजे धापा टाकत म्हणाले, “यंदा तांबडीला खायला काय घातलंत?”

“काही नाही. उपास घडवला!”

राजे निरोप घेऊन गेले. सरकारांनी हौसाला बोलावलं.

“घर तुमचंच. पण पुढच्या वर्षी ते राजेही शहाणे होतील. मला आणखी वेग हवा, आणि पैसा तेव्हाही मिळणार नाही. आता मोटारीतून काय काढशील?”

हौसाने रिकाम्या पायऱ्या पाहिल्या, मागची बैठक पाहिली. मग तिची नजर सरकारांच्या घेरदार पोटावर जाऊन थांबली. दौलूने घाबरून डोळे मिटले.

“सरकार,” ती म्हणाली, “जिंकलेल्या मोटारीला सामोरं जायाला खुद्द राजाच वर असंल, तर त्याहून मोठा मान कंचा? पुढल्या साली तुमी बी आदल्या दिशी बैलगाडीनं यावं!”

सरकारांनी आधी आपल्या पोटाकडे पाहिलं. मग सरकार असे हसले की पोट गदगदा हलू लागलं, अब्दागिरीवाल्याला अब्दागिरी आवरेना, दिवाणांच्या हातातला विडा सुटला.

“चोपदार, ललकारी द्या!” सरकार डोळे पुसत म्हणाले. “आजपासून या मोटारीत कोण बसणार हे ठरवायचा मान हौसाचा. पिढ्यानपिढ्या!”

घाट उतरताना तरी मोटारीतून जावं म्हणून दिवाणसाहेबांनी एक पाय पायरीवर ठेवलाच होता. त्यांनी हौसाकडे पाहिलं, आणि पाय हळूच मागे घेतला.