स्टँडखालची खडाव

“...आणि समजा, मी हात लावल्यावरच ती पडली असती, तर दोष कोणाचा, महाराज?”

पद्माकर ओसरीच्या पायरीशी उभा होता. अंगावर सोवळे, दोन्ही हातांत विहिरीच्या पाण्याने भरलेला तांब्याचा कलश. स्वरात शंका नव्हती. उत्तर त्याने वाटेतच सिद्ध करून आणले होते.

अच्युतबुवा बेलाची पाने निवडीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय पडली असती?”

“मोटारसायकल. विहिरीच्या वळणावर कोणीतरी भर उन्हात लावून गेलं आहे. मागे जाळीत घागरी बांधलेल्या. ऊन असं, की डांबर मऊ झालंय. स्टँड आत रुतत चाललाय.”

“कोणाची?”

“ठाऊक नाही. परक्याची.”

“मग?”

“थांबलो. विचार केला. मी सोवळ्यात, स्पर्श वर्ज्य. मालकाने सांगितलेलं नाही, तेव्हा हात लावणं गैर. आणि निष्काळजीपणा ज्याचा, भोगही त्याचाच... म्हणून पुढे आलो. योग्यच केलं ना?”

बुवांनी एक किडके पान बाजूला काढले.

“एवढा विचार करायला वेळ किती लागला?”

“विहिरीपासून इथपर्यंत.”

“तेवढा वेळ ती उभी राहिली?”

पद्माकरने हातांतला कलश सावरला.

तीन वर्षे तो या मठात होता. पाठशाळेतून पहिला येऊन आला होता, आणि हे तो विसरत नसे. मठातल्या महादेवावर दर सोमवारी मध्यान्ही अभिषेक होई. धार धरण्याचा अधिकार बुवा देतील त्यालाच. तीन वर्षे पद्माकरने बेल निवडला, गंध उगाळले, रोज पहाटे बुवांच्या खडावांची पूजा केली आणि वाट पाहिली. आज प्रथमच बुवा म्हणाले होते, “पाणी तू आण. धार तूच धर.”

मठाचा नेम कडक होता. सोवळे मोडले की पुन्हा स्नान. कलश जमिनीला टेकला की ते पाणी देवाला चालत नसे. आणि मध्यान्ह टळली, तर तो सोमवार गेला.

बुवांनी पायांत खडावा सरकवल्या.

“चल.”

“महाराज, मध्यान्ह जवळ आली...”

“देव थांबतो,” बुवा पायरी उतरत म्हणाले. “डांबर थांबत नाही.”

वळणावर चिटपाखरू नव्हते. मोटारसायकल मघापेक्षा अधिक कलली होती. स्टँड चार बोटे आत गेला होता. मागच्या जाळीत पाचटात बसवलेल्या तांबड्या घागरी एका अंगाला झुकल्या होत्या.

बुवांनी कललेल्या बाजूने खांदा लावला.

“महाराज, तुम्ही नका!”

बुवांनी खांदा काढला नाही. वय अठ्ठ्याहत्तर. पाय मागे सरकू लागले. जाळीत एक घागर दुसरीवर किणकिणली.

पद्माकरने भोवती पाहिले. कलश ठेवायला ना पार, ना फांदी, ना भिंत.

“येईलच आता मालक...” तो म्हणाला.

कोणी आले नाही.

“परक्याची ना रे?” बुवा धापा टाकीत म्हणाले.

“हो...”

“उभी होती तोवर. पडताना कोणाची?”

गाडी वीतभर खाली आली.

पद्माकरने कलश डांबरावर ठेवला.

मग त्याने काही ठरवले नाही. एका हाताने हँडल, दुसऱ्याने जाळीमागची लोखंडी पट्टी धरून त्याने सगळा भार अंगावर घेतला आणि रेटा दिला. तापलेल्या लोखंडाने तळवे भाजले. चिकट आवाज करीत स्टँड डांबरातून वर आला.

बुवांनी वाकून उजव्या पायातली खडाव काढली आणि स्टँडखाली सरकवली.

“महाराज! ती खडाव...”

“हाताशी तीच आहे.”

गाडी सरळ राहिली. पद्माकरने हळूहळू हात सैल केले... आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून आरोळी आली.

“ए! गाडीला हात कोन लावतंय?”

डोक्याला मुंडासे, गुडघ्यापर्यंत मातीने माखलेला एक माणूस धावत येत होता. पद्माकरचा चेहरा उतरला.

“मी म्हणालो होतो, महाराज. आता आळ आपल्यावर.”

“बाजूला व्हा, पंडित!” त्या माणसाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तो जाळीवर वाकला आणि एकेका घागरीवर बोटाच्या पेराने टिचकी मारू लागला. शाबूत घागर खणखणते. तडा गेलेली बद्द वाजते.

खण्. खण्. खण्.

पद्माकरच्या लक्षात आले, की आपण श्वास रोखून ऐकत आहोत.

खण्. खण्...

तळातली शेवटची घागर बद्द वाजली.

कुंभाराचा हात थांबला. पद्माकरने डोळे मिटले. तोंडात नाम आले ते केव्हा, त्याला कळले नाही.

कुंभाराने घागरीला चिकटलेले पाचट बाजूला केले आणि पुन्हा टिचकी मारली.

खण्.

“पाचट होतं!” तो मटकन् खालीच बसला आणि हसू लागला. “एकबी गेली नाही, महाराज! एकबी नाही!”

पद्माकरही हसत होता. तीन वर्षांत मठातल्या कोणी त्याला असे हसताना पाहिले नव्हते.

“मी भिला कुंभार, पलीकडच्या गावचा,” तो मुंडाशाने तोंड पुसत म्हणाला. “उद्या आखाजी, तुमची अक्षय तृतीया. या गावात घरोघर बापजाद्यांच्या नावानं घागर भरतील, त्या समद्या या जाळीत. सोनवन्यांचा म्हातारा औंदा गेला. गेलेल्याची पहिली घागर आम्ही गाडीवरनं देत नाही, हातावर न्यायची, उंबऱ्यापत्तुर. नेली, तर म्हातारी रडाय लागली. उठवेना मला... या फुटल्या असत्या, तर उद्या कितीकांचे बाप तहानलेले माघारी गेले असते.”

मग तो पद्माकरकडे वळला.

“आन् मघा इथं कलश घेऊन तुम्हीच हुता ना? सोनवन्यांच्या ओट्यावरनं दिसलात. गाडीकडं टक लावून उभे! मला वाटलं, चोर है. सोवळं नेसून आलेला पहिलाच चोर!”

पद्माकरने मान खाली घातली. पण हसू काही गेले नाही.

गाडी हलवताना भिलाला खडाव दिसली. तो चरकला. दोन्ही हातांनी उचलून त्याने ती मुंडाशाने पुसली आणि सवयीनेच तिच्यावर टिचकी मारली.

“हिलाबी तडा नाही,” तो म्हणाला, आणि जीभ चावून तिच्यापुढे डोके टेकवले.

स्टँड मिटेना. त्याला डांबराचा गोळा चिकटला होता. कोणी सांगितले नव्हते. पद्माकर खाली बसला, आणि सोवळ्याचा घोळ मातीत लोळत असताना बोटांनी ते डांबर खरवडू लागला.

घागरी गेल्या. गाडीचा आवाज दूर होईपर्यंत दोघे तिथेच उभे होते.

पद्माकरने पुन्हा स्नान केले. पुन्हा पाणी काढले. गाभाऱ्याच्या दारी तो आला, तेव्हा सूर्य माथ्यावरून ढळला होता. बुवा पिंडीपाशी बसून होते. खडावा दाराबाहेर काढलेल्या होत्या, आणि उजवीवर स्टँडचा वण उमटला होता.

“मध्यान्ह टळली, महाराज.”

“आत ये.”

“आणि हे...” त्याने एका हाताने कलश छातीशी धरला आणि दुसरा तळवा पुढे केला. “राखेने घासले. रिठ्याने घासले. डांबर निघत नाही... या हातांनी धार कशी धरू?”

बुवांनी धोतर सावरले आणि उजवा पाय पुढे केला. तळवा टाचेपर्यंत काळा होता.

“हा पाय घेऊन मी आत आलो, तेव्हा तो काही बोलला नाही,” बुवा पिंडीकडे पाहत म्हणाले. “...ओत. पाणी तापतंय.”