तिसऱ्या वळणाचा खांब

एका शहराच्या वेशीबाहेर एक जुनी खेळबाग होती. तिथल्या लाकडी रोलर कोस्टरची देखभाल केरबा मिस्त्री एकहाती करी. बायको वारली होती, लेक लांब नांदत होती. दिवसभर खांब तपासावेत, चाकांना ग्रीस लावावं आणि संध्याकाळी खोलीत एकट्यानं जेवावं, असा त्याचा तीस वर्षांचा क्रम होता.

पुढे बाग नव्या मालकानं घेतली. त्यानं रेहाना मुजावर नावाच्या इंजिनिअर बाईंना बोलावलं. झिजलेली लोखंडी चाकं काढून नवी बसवायची, डबे बदलायचे, आणि माणसाला बाकावर घट्ट धरून ठेवणारे दांडे लावायचे, असं ठरलं. काम चांगलं होतं, हे केरबालाही कळत होतं. पण महिनाभरात त्याला कुणी एक शब्द विचारला नाही. तो बागेतल्या आपल्या खोलीच्या दारात बसून हातोड्यांचे आवाज ऐकत राही. आपल्यावाचून यांचं काहीच अडत नाही, हे त्याच्या मनाला फार लागलं.

एक गोष्ट मात्र त्यालाच ठाऊक होती. तिसऱ्या वळणावरचा एक खांब आतून कुजला होता. जुन्या मालकानं तो बदलायचं टाळलं, म्हणून केरबा तिथं ब्रेक लावून गाडी हळू काढी. नव्या चाकांवर ती सुसाट जाणार होती. विचारतील तेव्हा सांगू, असं मनाशी म्हणत तो गप्प राहिला.

चाचणीच्या दिवशी रेहाना स्वतः पुढच्या डब्यात बसल्या. त्यांनी दांडा खाली ओढला. तो खटकन बसला. केरबा लांबून ते बघत होता. खांबच मोडला, तर दांडा कुणाला वाचवणार? तो धावत गेला आणि गाडीपुढे उभा राहिला.

"गाडी सोडू नका. तिसऱ्या वळणाचा खांब पोकळ आहे."

खांब तपासला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. रेहानांचा चेहरा उतरला.

"काका, इतके दिवस का नाही बोललात?"

"कुणी विचारलं नाही," केरबा म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, "आणि मीही आपणहून आलो नाही."

"विचारायला हवं होतं. चूक माझीही आहे," रेहाना म्हणाल्या.

खांब बदलला. जुने डबे भंगारात गेले. केरबा अजूनही एकटाच जेवतो. पण रोज सकाळी रेहाना त्याच्याबरोबर एकेक खांब ठोकून बघतात, आणि त्यानं हात वर केल्याशिवाय गाडी सुटत नाही.

तात्पर्य: आपल्याला कुणी विचारलं नाही, हे दुःख खरं असलं तरी दुसऱ्याच्या जिवावर बेतणारी गोष्ट त्यापायी मनात ठेवू नये.