पाखऱ्याच्या मानेवरचा भोवरा

फार पूर्वी, घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहून त्याच्या धन्याचं नशीब सांगायची रीत होती, त्या काळात एका सरदाराच्या पागेत एक मोतद्दारीण होती. घोड्यांना खरारा करायचा, चंदी खाऊ घालायची, सकाळ-संध्याकाळ नदीवर पाण्याला न्यायचं, हे तिचं काम. आधी हे काम तिचा नवरा करायचा. तो गेल्यावर तिने कुणाला न विचारता खरारा हातात घेतला आणि काम इतकं चोख केलं, की नको म्हणायला कुणाला तोंड राहिलं नाही.

त्या पागेत पाखऱ्या नावाचा एक तांबूस घोडा होता. एके दिवशी सरदार त्याच्यावर बसून गावाच्या वेशीतून बाहेर पडत असताना कमानीवर बसलेली घार फडफडत उडाली. घोडा बुजला आणि सरदार धुळीत पडले. आता घारीमुळे पडलो असं सरदारांनी कुठल्या तोंडाने सांगायचं? मग लक्षणं पाहणाऱ्या शास्त्रीबुवांना बोलावणं गेलं. त्यांनी आयाळ वर करून पाहिली. मानेवर केसांचा एक भोवरा सापडला. हा भोवरा असलेला घोडा आपल्या धन्याला वेशीतच खाली पाडतो, असं त्यांनी सांगून टाकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

ही गोष्ट गावभर झाली. नंतर सरदारांचा जावई पाखऱ्यावर बसला, तो वेशीत पडला. मग वीस वर्षं खोगिरावर काढलेला जुना स्वार बसला, तोही नेमका तिथेच पडला. आता शंकेला जागाच उरली नाही. दसरा झाला की पाखऱ्याला नदीपल्याडच्या रानात सोडून द्यायचं ठरलं. त्या रानात लांडगे होते. म्हणजे 'सोडून द्यायचं' हे नुसतं बोलायला गोड होतं.

मोतद्दारणीला हे कळलं तेव्हा ती खरारा हातात तसाच घेऊन सदरेवर गेली.

"सरकार, ह्याच वेशीतनं मी त्याला दिसातनं दोनदा पाण्याला नेते. येताना उघड्या पाठीवर बसून येते. मला कसा पाडत न्हाई त्यो?"

शास्त्रीबुवा म्हणाले, "भोवरा धन्याला पाडतो. तू कुठे त्याची धनीण?"

"मग जुना स्वार तरी कुठं त्याचा धनी व्हता?"

सदरेवर कुणीतरी फिसकन हसलं. शास्त्रीबुवांचा चेहरा तापला. सरदारांनाही राग आला. त्यांनी अट घातली: दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी सगळ्या गावादेखत तिने पाखऱ्यावर खोगीर घालून वेशीबाहेर जायचं आणि आपट्याची पानं घेऊन परत यायचं. जमलं तर घोडा तिचा. पडली तर घोडा रानात आणि तीही पागेबाहेर. ती लगेच हो म्हणाली.

दसऱ्याला आठ दिवस होते. दुसऱ्याच दिवशी तिने काष्टा घट्ट खोवला, पाखऱ्यावर खोगीर चढवलं आणि वेशीकडे निघाली. वेशीपाशी कडुलिंबाखाली शास्त्रीबुवा सुपारी कातरत बसले होते. तिला पाहून ते नुसते हसले. पुढच्या दहा पावलांत पाखऱ्याने कान मागे पाडले, वेशीच्या कमानीखाली तो एकदम बाजूला उसळला आणि मोतद्दारीण दगडावर आपटली.

कंबरेला हळदीचा लेप लावून ती पागेत पडून राहिली. तिला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. शास्त्रीबुवांचं खरं निघालं तर? पण कंबर दुखणं साहजिक होतं, तिचे दात का ठणकत होते? दातावर तर ती पडली नव्हती. विचार करता करता तिच्या ध्यानात आलं, की शास्त्रीबुवांना पाहिल्यापासून तिने दातावर दात दाबून धरले होते. मुठी वळल्या होत्या, लगाम ताणला होता, गुडघे घोड्याच्या अंगात रुतले होते, श्वास तर घेतलाच नव्हता. घोड्याला बिचाऱ्याला काय कळणार? पाठीवरचं माणूस एवढं ताठरलंय म्हणजे पुढे नक्की वाघ असणार, असं त्याने धरलं.

पाण्यावरून येताना ती ओव्या गुणगुणत असे, रात्री भाकरीबरोबर काय करावं याचा विचार करत असे. जावई आणि जुना स्वार मात्र भोवऱ्याची गोष्ट ऐकून आधीच ताठरून बसले होते. ते भीतीने ताठरले होते आणि ही रागाने, एवढाच काय तो फरक. पाखऱ्याला दोन्ही सारखंच.

मग ती रोज सकाळी पाखऱ्याचे चार खूर उचलून पाहायची ना, तसंच खोगिरावर बसून स्वतःला पाहू लागली. दात? खांदे? मुठी? श्वास? जे आवळलेलं सापडेल ते सैल सोडायचं. राग यायचा, तर तो आलाय एवढं ओळखायचं आणि बसून राहायचं. पहिल्या दिवशी ते दहा श्वासही टिकलं नाही. चौथ्या दिवशी पाखऱ्या तिच्याखाली उभ्या उभ्या पेंगला.

दसऱ्याला सगळं गाव वेशीशी लोटलं. शास्त्रीबुवा सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाजूला व्हा रे, अंगावर पडेल." लोक हसले. मोतद्दारणीचे खांदे वर चढले. पाखऱ्याचे कान मागे गेले आणि कमानीच्या अलीकडे तो थबकला.

तिने टाच मारली नाही. दात आवळलेत, हे तिला कळलं. तिने ते सोडले. खांदे उतरवले. भीती होतीच, ती तिने राहू दिली आणि एक लांब श्वास हळूहळू सोडला. पाखऱ्यानेही नाक फुरफुरवून श्वास सोडला. त्याचा एक कान पुढे वळला, मग दुसरा. आणि पाण्याला निघावं तसा तो संथ चालीने वेशीतून बाहेर पडला. मोतद्दारणीने आपट्याची डहाळी तोडली आणि त्याच चालीने परत आली.

गावाने टाळ्या वाजवल्या. शास्त्रीबुवा पुढे झाले. आपण भोवरा उलट्या बाजूने पाहिला होता, मुळात तो अत्यंत शुभ आहे, असं त्यांनी जाहीर केलं. सरदारांनी लगेच भरजरी झूल मागवली. असला शुभ घोडा आता आपल्याच पागेत शोभेल, असंही ते बोलून गेले.

"न्हाई, सरकार," मोतद्दारीण खोगिरावरूनच म्हणाली. "घोडा माझा हाय, सबूद तुमचा हाय. आन् भोवरा व्हता तितंच हाय. काल त्यो वाईट नव्हता, आज त्यो शुभ न्हाई. आज झूल घालाल, उद्या ठेच लागली की फिरून रानात धाडाल."

चारचौघांत दिलेला शब्द होता. सरदारांनी झूल परत पाठवली.

मग ती खाली उतरली आणि दसऱ्याचा मान म्हणून आपट्याचं पान शास्त्रीबुवांच्या हातावर ठेवलं.

"सोनं घ्या, बुवा. उद्या पाण्याला जाताना तुमीबी बसा पाखऱ्यावर. दात तेवढे सैल सोडा."

बुवा काही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाखऱ्या तोच भोवरा घेऊन त्याच वेशीतून पाण्याला गेला.

तात्पर्य: घोडा बुजला तर आधी आपले दात आणि आपला श्वास तपासावा, आणि माणसं आपली भीती मुक्या जिवाच्या मानेवर लिहू लागली, तर त्यांना तोंडावर नाही म्हणावं.