पाहुणीला शिवेपर्यंत

एक होता राजा आणि एक होतं तळं. आता राजा मोठा की तळं मोठं, असं कोणी विचारायचं नाही. राजाला ते आवडत नसे. पण तळं त्याच्या पणज्याच्याही आधीचं होतं, बरं का. एका बाजूला मातीची लांब पाळ, दुसऱ्या बाजूला जंगल आणि पाळीच्या खाली ढिवरांची वीस घरं. ढिवर म्हणजे मासे धरणारी माणसं. त्या वीस घरांत एक घर पारबताचं. घरात तिचा नवरा डोमा आणि म्हातारी सासू.

पारबता रोज पहाटे तळ्यावर जायची. पाणी इतकं निवळ, की कमरेएवढ्या पाण्यात आपली बोटं दिसायची. तळाशी शेवाळासारखं मऊ गवत होतं. त्याच्या वर कमळं होती. काठाला देवधान होतं. देवधान म्हणजे न पेरता उगवणारं भात. त्यात पाखरं घरटी करायची आणि खाली मासोळ्या अंडी घालायच्या. सगळ्यांचं सगळ्यांवर चाललं होतं.

मग काय झालं, लांबच्या मुलखातून एक व्यापारी आला. त्यानं राजाला एक घंगाळ भेट दिलं. घंगाळात एक रोप तरंगत होतं. फुगीर देठांचं, वर जांभळ्या फुलांचा तुरा. राजा त्या फुलांवर भाळला. म्हणाला, "ही आपली पाहुणी. हिला घंगाळात काय ठेवता? तळ्यात राहू दे." आणि त्यानं दवंडी पिटवली, की पाहुणीला कोणी हाकलायचं नाही.

पाहुणी तळ्यात उतरली. बोलायला फार गोड. कमळाला म्हणाली, "बाई, जरा सरका. मला टेकण्यापुरती जागा द्या." कमळ सरकलं. दुसऱ्या दिवशी एकीच्या दोघी झाल्या. "बाई, अजून जरा सरका." कमळ अजून सरकलं. मग दोघींच्या चार, चारांच्या आठ. देवधानाला सरकवलं, गवताला सरकवलं. सरकता सरकता ती बिचारी काठावर गेली आणि एक दिवस दिसेनाशी झाली.

दोन वर्षांत तळ्यावर पाणी दिसेना. नुसतं हिरवं जाजम. खाली ऊन जाईना, वारा जाईना. मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. पारबतानं जाळं टाकलं की ते त्या जाजमावरच पडून राहायचं, घरात वाळत घातल्यासारखं. ती रिकामी टोपली घेऊन यायची आणि सासू टोपलीकडे न बघता चूल विझवायची.

गाऱ्हाणं राजापर्यंत गेलं. राजाला चूक कळली होती. पण दिलेला शब्द मागे कसा घ्यायचा? मग त्यानं पळवाट काढली. म्हणाला, "हाकलू नका. नुसती जरा छाटा." शिपाई आले. तलवारी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि सपासप छाटायला लागले. पाळीवर बायका उभ्या होत्या. त्यांतली सायत्रा, पारबताची शेजारीण, मोठी तोंडाळ. ती म्हणाली, "फुलांशी लढाई चालली व माय. जिंकून येतीन तं ओवाळा यांना." शिपायांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण झालं काय, की जितके तुकडे पाण्यात पडले तितक्या पाहुण्या झाल्या. महिन्याभरात जाजम आधीपेक्षा जाड.

मग राजा म्हणाला, "तिला औषध पाजा." वैद्यानं रांजणभर काळं औषध पाण्यात ओतलं. पाहुणी सुकली, काळी पडली आणि बुडाली. राजानं पेढे वाटले. पण बुडालेली पाहुणी खाली कुजली. पाण्याला वास सुटला. तिसऱ्या दिवशी मासे पोट वर करून तरंगले. पारबता गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि ते एकेक उचलून टोपलीत ठेवत राहिली. खायला नाही, पुरायला. पुढच्या पावसात चिखलातलं बी रुजलं आणि जांभळे तुरे पुन्हा डोलायला लागले.

आता राजा चिडला. म्हणाला, "पाळ फोडा. पाणीच नाही राहिलं तर पाहुणी आपल्या पायांनी जाईल. मी कुठं हाकलली?"

ढिवरांच्या वस्तीत त्या दिवशी कोणी जेवलं नाही. पाळ फुटली म्हणजे तळं गेलं. तळं गेलं म्हणजे वीस घरांनी जाळी गुंडाळून कुठं जायचं? डोमा म्हणाला, "सासुरवाडीला जाऊ, तुझ्या बापाकडे." पारबता म्हणाली, "माझ्या बापाच्या गावात विहीर हाय. विहिरीत जाळं टाकशील काय?"

ती उठली आणि सरळ राजाकडे गेली. पदर सारखा केला, हात जोडले. म्हणाली, "महाराज, पाहुण्याला हाकलू नये, हे बरोबर. पण आमच्यात पाहुणा निघाला की त्याला शिवेपर्यंत पोचवायला जातात. तसं पोचवलं तर तुमचा शब्द मोडते काय?"

राजानं प्रधानाकडे पाहिलं. प्रधानानं छताकडे पाहिलं.

"नाही मोडत," राजा म्हणाला. "पण मी किती वाट पाहू?"

"तीन पोळे होऊ द्या."

"बरं. तिसऱ्या पोळ्याच्या करीला या तळ्यातला मासा माझ्या ताटात आला पाहिजे. नाही आला, तर त्याच सकाळी पाळीवर कुदळ पडेल." कर म्हणजे सणाचा दुसरा दिवस, बरं का. आदल्या दिवशी पुरणपोळी झालेली असते, मग करीला लोक मासे-मटण खातात.

मग पारबतानं वस्तीतल्या सगळ्यांना पाळीवर बोलावलं. म्हणाली, "पाहुणीला पोचवायचं तर मानानं पोचवायचं. छाटायचं नाही, तोडायचं नाही, ओढायचं नाही. खालून हात घालायचा, मुळासकट उचलायची, टोपलीत ठेवायची आणि शिवेबाहेरच्या खडकावर नेऊन सोडायची. अंगावरचं एक पान पडू द्यायचं नाही."

सायत्रा म्हणाली, "एवढी बडदास्त तं माझ्या नवऱ्यानं माझी नाही ठेवली." पण पाण्यात पहिली तीच उतरली.

पाहुणी बोलायला लागली, "बाई, कशाला त्रास घेता? मी राहते की." पारबता म्हणायची, "नाही नाही, पोचवायला तर आलं पाहिजे." आणि टोपली डोक्यावर घ्यायची. मुळ्यांतून गळलेलं पाणी मानेवरून पाठीत जायचं. खडकावर ऊन कडक. तिथं पाहुणी चार दिवसांत वाळून कागद व्हायची. असं हिवाळाभर चाललं. तळ्याचा अर्धा तोंडवळा उघडा झाला.

पण डोमाला घाई होती. टोपल्या जड व्हायच्या. एकदा त्यानं कोणी बघत नाहीसं पाहून विळ्यानं मुळ्या कापल्या आणि नुसते वरचे तुरे नेले. मुळ्या पाण्यात राहिल्या. बारीक तुकडे वाऱ्यानं पसरले. उन्हाळा लागेस्तोवर उघडं केलेलं पाणी पुन्हा हिरवं. पारबतानं एक रोप उचललं, उलटं केलं, तर खाली विळ्याचा सरळ काप दिसला. तिनं डोमाकडे पाहिलं. डोमा खाली बघून म्हणाला, "मान दुखत होती."

पारबतानं ते रोप त्याच्या टोपलीत ठेवलं आणि आपली टोपली उचलून खडकाकडे निघाली. दुसऱ्या दिवशी डोमा तिच्या आधी पाण्यात होता. पण पहिला पोळा तसाच गेला.

दुसऱ्या वर्षी सगळी पाहुणी शिवेबाहेर गेली. पाणी उघडं झालं. वस्तीत लोक हसले. पारबतानं दुसऱ्या तळ्यातून हंडाभर मासोळ्या आणून सोडल्या. आठ दिवसांनी पाहते तर एक नाही. पाणी उघडं होतं, पण गढूळ. लपायला आडोसा नाही, अंडी घालायला पान नाही. बगळे रांगेत बसून वेचून खात होते. दुसरा पोळाही गेला.

पारबता उंबऱ्यावर बसून राहिली. सासू आतून म्हणाली, "पोरी, पाहुणीला पोचवून आलीस. पण हिच्यापायी ज्या घरच्या बाहेर गेल्या, त्यांना कोण आणणार?"

पारबतानं तिच्याकडे पाहिलं. मग हळदीकुंकवाची कोयरी उचलली आणि निघाली. माहेरवाशिणीला आणायला जातात तशी.

तीन दिवस चालली. जंगलातल्या एका पडक्या विहिरीत कमळ सापडलं. बारकं, पिवळं पडलेलं. पारबतानं कुंकू लावलं. म्हणाली, "चला घरी."

कमळ म्हणालं, "आधी धाकटीला ने. तिनं गाळ धरून ठेवला नाही तर मी पाय कुठं रोवू?"

धाकटी म्हणजे तळचं मऊ गवत. ते म्हशींच्या डबक्यात सापडलं, खुरांच्या खड्ड्यात. आणि देवधान सापडलं ओढ्याच्या एका वळणावर, चार काड्या. तिघींनी एकच विचारलं, "ती परत आली तर?"

पारबता म्हणाली, "येईल. ती येणारच. मी रोज येऊन पाहीन."

"रोज?"

"माझ्यानं नाही झालं तर दुसरी कोणी येईल. पण रोज."

मग त्या आल्या. उन्हाळ्यात पाणी आटलं, चिखल उघडा पडला, तेव्हा वस्तीतल्या बाया ओळीनं उभ्या राहिल्या. आधी धाकटी. एकेक काडी चिखलात ठेवायची आणि पायाच्या अंगठ्यानं दाबायची. तिनं गाळ धरला, पाणी निवळलं, मग कमळाचे कंद. मग काठाला देवधान. बगळ्यांनी नवी रोपं तुडवू नयेत म्हणून डोमानं त्यांना हाकलायला चार महिने पाळीवर काढले. बगळे त्याला ओळखायला लागले.

पाऊस आला. तळं भरलं. पाण्याबरोबर वरच्या मुलखातून एक पाहुणी वाहत आली. "बाई, जरा सरका." पण धाकटीनं तळ दाबून धरला होता, कमळानं वर पानं पसरली होती, देवधान काठाला खेटून उभं होतं. कोणाला सरकायला जागाच नव्हती. पाहुणी कडेकडेनं फिरत राहिली. सकाळी पारबतानं तिला अलगद उचललं आणि शिवेपर्यंत पोचवून आली.

आणि मासे? पावसाच्या पाण्याबरोबर तेही वाहत येतील म्हणून पारबता रोज पाहायची. मासा दिसेना. श्रावण सरत आला. बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लागलं. तिसरा पोळा आला आणि झाला.

करीच्या सकाळी पाळीवर कुदळवाले येऊन उभे राहिले. वीस कुदळी. राजा घोड्यावर. वस्ती सगळी खाली उभी. पारबता जाळं घेऊन डोंग्यात बसली, म्हणजे लाकूड कोरून केलेल्या होडीत, आणि एकटीच आत गेली. कमळांमधून, देवधानाच्या कडेनं. एक चक्कर झाली. दुसरी झाली. पाळीवर कोणीतरी कुदळ दगडावर घासत होतं, तो आवाज पाण्यावरून येत होता.

तिसऱ्या चकरेला तिला दिसलं. देवधानाच्या सावलीत हाताएवढी मरळ मासोळी. मोठी, काळी, संथ. पारबतानं जाळं उचललं. आणि तिच्या लक्षात आलं, की मरळीच्या डोक्यावर पाण्यात कुंकू सांडल्यासारखं काहीतरी हलतंय. पिल्लं होती ती, शेकडो, लाल लाल. मरळ पिल्लांना सोडून जात नाही. ती गेली तर पिल्लं घटकाभरही टिकत नाहीत. आणि पिल्लांवर असलेली मरळ ढिवर कधी धरत नाही. कोणी सांगायला लागत नाही.

पारबताचा हात वर तसाच राहिला. पाळीवर वीस कुदळी. घरात म्हातारी. जाळ्यात यायला मासा समोर. किती वेळ गेला तिला कळलं नाही. मग तिनं जाळं हळूच मांडीवर ठेवलं आणि डोंगा वळवला.

राजानं विचारलं, "मासा?"

"हाय, महाराज. पण धरला नाही."

"का?"

"तुम्ही येऊन पाहा."

राजा म्हणाला, "मी? त्या ओंडक्यात?" प्रधान म्हणाला, "महाराज, बुडाल." सायत्रा खालून म्हणाली, "कमरेएवढंच हाय. शिपायांना विचारा."

राजा डोंग्यात बसला. पारबता म्हणाली, "हलू नका. बोलू नका." राजाला असं कोणी कधी सांगितलं नव्हतं. तो बसला. देवधानाच्या सावलीत डोंगा थांबला. बराच वेळ काही नाही. मग पाण्यात तो लाल ठिपका वर आला, पसरला, बुडबुडे सोडून पुन्हा खाली गेला, आणि त्याच्या खालून मरळ सावलीसारखी फिरली. राजा वाकून बघत राहिला. पागोटं पाण्यात पडायला आलं, ते पारबतानं धरलं.

"यांतला माझा कोणता?" राजानं हळूच विचारलं.

"पुढच्या वर्षीचा कोणताही," पारबता म्हणाली. "आज धरला असता तर एकच होता."

राजा काठावर उतरला. पाय चिखलानं भरले होते. तो कुदळवाल्यांना म्हणाला, "पाळीला दोन ठिकाणी घळ पडलीय. आलातच आहात तर माती टाकून जा." आणि घोडा धरून पायीच निघाला.

त्या करीला राजा वरणभात जेवला. राणीनं विचारलं, मासा कुठं? तर म्हणाला, "लहान आहे अजून."

पुढच्या वर्षी वीस घरांच्या चुलींवर कालवण शिजलं आणि एक ताट राजाकडेही गेलं. पारबता म्हातारी झाली, मग तिची सून तळ्यावर रोज बघायला जायला लागली, मग सुनेची सून. सगळे पोटभर जेवले, सगळे आपापल्या घरी राहिले. आता मरळीनं पिल्लांना पोटाखाली घेतलंय, बरं का, आणि तळ्यावर कोणी बोलत नाही. तुम्हीही डोळे मिटा बघू. पाय आत घ्या. निजा.