येतो म्हणून गेलेले बाबा

एकदा एका आचार्यांचा एक शिष्य हाताला फडकं गुंडाळूनच पाठाला आला. कुत्रं चावलं की काय, असं आचार्यांनी विचारलं, तेव्हा तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, "नाही गुरुजी. मुलगी चावली."

मुलगी अडीच वर्षांची, नाव सगुणा. शिष्य पाठाला निघाला, की तिच्या अंगात यायचं. वहाणा फेकायची, भांडी आपटायची, आणि मग सरळ चावायची. शिष्याने समजावलं, दरडावलं, एकदा चापटही मारली. पूर्वी त्याच्या मांडीवरून न उतरणारी पोर आता त्याच्या जवळही येईना, आणि त्यानेच तो खचला होता.

"उद्यापासून मागच्या दाराने गुपचूप निघणार आहे," तो म्हणाला.

"त्याआधी मला एकदा बघू दे," असं म्हणत आचार्य उठलेसुद्धा.

घरी सगुणा भातुकली मांडून अगदी शहाण्यासारखी बसली होती. शेजारीण विरजण मागायला आली होती. वाटी घेऊन ती उठली, "येते हं" म्हणाली, आणि सगुणाने हातातलं बोळकं भिंतीवर आदळलं. शिष्य रागाने धावला. आचार्य मात्र हरवलेली किल्ली सापडल्यासारखे खुलले. ते सगुणासमोर उकिडवे बसले. "सगुणाबाई, मी जातो."

शिष्याची पत्नी लगबगीने पुढे झाली. "गुरुजी, जातो काय म्हणता? येतो म्हणावं."

"मी जातो," आचार्य पुन्हा म्हणाले. "दिवा लागला, की परत येईन." सगुणा टक लावून बघत राहिली. तिने काहीही फेकलं नाही.

शिष्य त्यांच्या मागोमाग रस्त्यापर्यंत धावला. "गुरुजी, हा कुठला मंत्र?"

"मंत्र कसला? 'जातो' अशुभ म्हणून आपण 'येतो' म्हणतो, हे तुला-मला ठाऊक. तिने 'येतो'चा अर्थ 'येतो' असाच धरला, आणि तसं म्हणणारा प्रत्येक जण पाठ फिरवून निघून गेला. तिच्या लेखी आपण सगळे खोटारडे. वाद घालायला तिच्यापाशी शब्द नाहीत रे, दात आहेत. मागच्या दाराने गेलास, तर तिची खात्रीच पटेल. जातोस तर जातो म्हण, कधी येणार ते सांग, आणि त्या वेळेला ये. येणंच सगळ्यांत अवघड आहे."

दिवेलागणीला आचार्य खरोखर दारात हजर झाले.

दुसऱ्या दिवशी शिष्याने जड जिभेने "जातो" म्हटलं, दिवा लागताना येईन असंही सांगितलं. सगुणा रडली, पण चावली नाही. त्या दिवशी पाठ असा काही रंगला, की विचारू नका. शिष्याचा आवडता मुद्दा नुकता निघाला होता, इतक्यात त्याचं खिडकीबाहेर लक्ष गेलं. उन्हं कधीच उतरली होती. त्याने पोथी मिटली आणि धूम ठोकली. धोतराचा सोगा हातात धरून धावणारा शास्त्री बाजाराने प्रथमच पाहिला.

तो वळणावर पोहोचला तेव्हा पत्नी समई लावत होती आणि सगुणा उंबरठ्यावर उभी होती. बाप दिसताच ती आत तोंड करून ओरडली, "आई, बाबा खलंच आले!" मग धावत येऊन त्याच्या पायांना बिलगली. शिष्याने तिला उचललं. धापा टाकता टाकता तो हसत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

मूल चावलं, की आधी आपणच त्याला काय बोललो होतो, ते आठवून पाहावं.