कौल अजून पडला नाही

"मग पाकळी पडत का नाही, आबा?"

भिकाजी गुरवांनी समईत तेल ओतलं. सोमजाईच्या गाभाऱ्यासमोर मांडी घालून ते देवीकडे बघत बसले होते. दुपार कलली होती आणि बाहेर पाऊस होता.

विचारणारा रुपेश घाणेकर. खालच्या धामणकोंडचाच पोरगा. लहानपणी याच देवळात त्याने समया घासल्या. मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर कधी चढतात, डोंगराचा झरा कधी गढूळतो, हे तो याच म्हाताऱ्याच्या पायाशी बसून शिकला. पुढे हवामानाचं शिक्षण घेतलं, जिल्ह्याच्या गावी कचेरीत लागला. देवळाच्या आवारातलं पाऊस नि हवेतली ओल मोजायचं यंत्र त्यानेच बसवून घेतलेलं. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो झाकून ठेवायची त्याला सवय नव्हती.

कौलाची रीत साधी. देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने एकेक पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एक पडेपर्यंत गुरवाने देऊळ सोडायचं नाही.

प्रश्न कालच विचारून झाला होता. वाडी सोडून पायथ्याच्या शाळेत राहायला जायचं का?

दुरून डोंगर साजरे म्हणतात. धामणकोंडला दुरून बघायची सोयच नव्हती. डोंगर घरांच्या डोक्यावर बसलेला होता.

"आई बोचकं बांधून ओटीवर बसलीय," रुपेश म्हणाला. "पण उठत नाही. म्हणते, देवीचा शब्द आला की निघू. सगळ्या वाडीचं तेच."

"बांधलंय नं बोचकं?"

"बांधून काय करायचं? पाय तर निघत नाही."

गुरवांनी समईवरची काजळी झाडली.

रुपेश जरा पुढे सरकला. आवाज खाली आणला.

"तुम्ही ती उजवी बोटाने थोडी ढकला. कोण बघतंय?"

"मी बघतोय."

...

रुपेशला राग आला. एवढा जाणता म्हातारा, आणि एका फुलाच्या पाकळीपुढे हात जोडून बसलेला. हसावं की रडावं, त्याला कळेना.

"आबा, हवेत ओल किती आहे ते माझ्या यंत्रावर दिसतंय. भिंती पाझरतायत. दोरीवरचा पंचा चार दिवस वाळत नाही. मग दगडावरची पाकळी सुकणार कधी आणि गळणार कधी? हा कौल नाही. ही नुसती ओल आहे."

"ठाव हाय."

"ठाऊक आहे तुम्हाला?"

"पाकळी अडून बसली की पाऊस सरायचा नाय. बापानं दाखवलं व्हतं मला."

"मग लोकांना सांगा ना तसं."

"लोकांनी इचारलंय, उजवी का डावी." म्हाताऱ्याने समईची वात पुढे सारली. "न पडल्याचं कोन इचारतो?"

 कौलांवर पाऊस वाजत राहिला. जोरात नाही, पण न थांबता.

"तुझं यंत्र काय म्हनतं?" गुरवांनी विचारलं.

हे विचारलेलं रुपेशला बरं वाटलं. त्याने फोन काढला.

"आठवडाभर रोज पडतोय. सगळ्याची बेरीज धरली तर डोंगराच्या पोटात आता थेंबाला जागा नसेल. पण..."

"पन काय?"

"एका दिवसाच्या पावसाने ठरलेली रेषा ओलांडली, तर वाडी हलवायचा आदेश निघतो. रोजचा आकडा रेषेच्या खालीच राहतोय."

"रोजचा म्हंजे?"

"सकाळी यंत्र शून्यावर येतं. मग पुढचा दिवस पहिल्यापासून मोजायचा."

म्हाताऱ्याने मान वळवून वर डोंगराच्या बाजूला बघितलं.

"आनी डोंगर? त्यो बी रोज सकाळी रिकामा व्हतो?"

...

रुपेशने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. हाच प्रश्न त्याने कचेरीत साहेबांना विचारला होता, जरा लांबलचक भाषेत. साहेबांनी मान हलवली होती आणि चहा मागवला होता.

"येताना झरा ऐकलास?"

झरा देवळाच्या मागेच. रुपेश त्याच्या कडेनेच वर आला होता. त्याने आठवून बघितलं.

"नाही. आवाजच नव्हता."

"कालपासनं बंद हाय. असल्या पावसात."

पावसात आटलेला झरा म्हणजे पाणी डोंगराच्या आत कुठेतरी तुंबलं. हे त्याला म्हाताऱ्याने शिकवलं होतं, आणि पुढे पुस्तकातही हेच भेटलं होतं. दोन्हीकडून पाठ झालेली गोष्ट, आणि येताना तो त्या झऱ्याच्या कडेने फोन बघत आला होता.

"मंग तूच सांग जा खाली," गुरव म्हणाले. "शिकलेला हायस."

"आदेशाशिवाय?"

"व्हय."

रुपेश हसला, पण त्यात हसू नव्हतं.

"मागे एकदा सांगितलं होतं ना. आठवतंय? सगळ्यांना शाळेत नेऊन झोपवलं. सकाळी लख्ख ऊन. रामा बेंडलची शेळी त्या रात्री बिबट्याने नेली, तो अजून माझ्याशी बोलत नाही. पोरं मला पावसाचा ज्योतिषी म्हणतात. कचेरीने वर खुलासा मागितला. पुन्हा आदेशाआधी तोंड उघडलं तर घरी बसवतील."

"म्हंजे तू बी बसलायस."

"मी कुठे बसलोय?"

गुरवांनी बोट दाखवलं नाही. नुसती हनुवटी देवीकडे केली.

दोन्ही पाकळ्या जागच्या जागी होत्या. ओल्या, टवटवीत, आत्ताच लावल्यासारख्या.

...

रुपेशला ते लागलं. लागलं म्हणूनच त्याने दाराबाहेर, दरीपलीकडे बघितलं. धुकं मध्येच फाटलं की समोरचा डोंगर दिसत होता. त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक पट्टा होता, गवताने भरलेला. नवख्याला ते कुरण वाटे. तिथे पूर्वी वरचा कोंड होता, धामणकोंडसारखीच वाडी. रुपेशच्या जन्माआधी एका रात्रीत तो डोंगराखाली गाडला गेला. त्याच्या आईचं माहेर ते. लग्न होऊन इकडे आलेली म्हणून ती तेवढी उरली.

धामणकोंडमध्ये कोणी त्या रात्रीबद्दल गुरवांना विचारत नसे. रुपेशने विचारलं.

"वरच्या कोंडानेही निघायचं का म्हणून कौल लावला होता म्हणतात. याच देवीला."

"लावला व्हता."

"गुरव तुम्हीच होतात ना?"

"मीच."

"काय आला होता?"

म्हाताऱ्याच्या तोंडावरचा रंग गेला. रुपेशला वाटलं, आपण विचारायला नको होतं. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते खोटं नाही.

...

मग भिकाजी गुरव जमिनीवर हात टेकून उठले. गुडघे वाजले. खुंटीवरचं इरलं त्यांनी काढून डोक्यावर घेतलं. देवीकडे एकदा बघितलं, आणि उंबरा ओलांडून पावसात उतरले.

रुपेश बघत राहिला. कौल लावलेला असताना गुरव देवळाबाहेर पडलेला धामणकोंडात कोणी बघितला नव्हता.

"आबा, कौल तसाच टाकून?"

ते थांबले नाहीत. वाट निसरडी होती. काठी रुतवत, एकेक पाऊल टाकत ते वाडीकडे निघाले.

रुपेशने फोन सरळ केला. आदेश नव्हता. आकडा रेषेच्या किंचित खाली होता, आणि उद्या सकाळी तो पुन्हा शून्य होणार होता. तो थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. मग फोन खिशात टाकला आणि धावत खाली उतरला.

झऱ्याच्या वळणावर त्याने म्हाताऱ्याला गाठलं. झरा अजूनही मुका होता. त्याच्या काठावरचा जुना किंजळ, लहानपणी ज्याच्या बुंध्याला टेकून रुपेश बसायचा, तो दरीकडे झुकलेला दिसला. परवा तो असा नव्हता. दोघांनीही तो बघितला, आणि पावलं भराभर पडू लागली.

खाली घरं दिसू लागली. ओटीओटीवर बोचकी, आणि बोचक्यांशेजारी माणसं. सगळ्यांचे डोळे देवळाच्या वाटेकडे लागलेले. गुरव खाली येताना दिसले तशी माणसं उभी राहिली. रुपेशची आईही उभी राहिली.

"आबा," रुपेश म्हणाला. "विचारतील आता. कौल काय आला, म्हणून. काय सांगायचं?"

म्हातारा चालत राहिला.

"तुझ्या आयशीला सांग. वरच्या कोंडाला उजवी पडली व्हती..."

त्यांनी इरल्याची कड वर केली आणि समोरच्या डोंगराकडे बघितलं.

"त्या रातीनंतर, सकाळी."