धडधाकटांची यादी

एकदा एक शिष्य आपल्या गुरूशी भांडत होता, आणि भांडण ऐन भरात आले होते.

“धडधाकट माणसांच्या घरी जाऊन काय विचारू, मॅडम? तुम्हाला जुलाब का होत नाहीत, म्हणून?”

“तसंच विचार. लाज वाटली तर आधी प्यायला पाणी माग, मग विचार.”

“ही चेष्टा आहे.”

“चेष्टा तू केलीस, वैद्यराज. चार पानी अहवाल लिहिलास आणि अर्ध्या गावाचं तोंडसुद्धा पाहिलं नाहीस.”

शिष्य वैद्यकीय महाविद्यालयातला पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी. पुढे हृदयाचा शल्यविशारद व्हायचे त्याने केव्हाच ठरवले होते. गुरू म्हणजे साथरोगशास्त्र शिकवणाऱ्या वृद्ध अध्यापिका. त्यांच्या तासाला मुले ‘डुलकीचा तास’ म्हणत. म्हणोत बापडी. जो एक हृदय उघडतो त्याला लोक हार घालतात. जी बाई साऱ्या गावाला आजारीच पडू देत नाही, तिचे नाव कोण लक्षात ठेवणार? आजारी न पडलेला माणूस आभार मानायला येत नाही. बाईंना त्याची खंतही नव्हती. दर उन्हाळ्यात त्या विद्यार्थ्यांना घेऊन महाविद्यालयाच्या ग्रामीण केंद्रात महिनाभर मुक्काम करीत, मुलांबरोबरच भाकरी खात आणि मुलांच्या आधी उठत.

त्या वर्षी मुक्काम असतानाच गावात गॅस्ट्रोची साथ आली. शिष्याने तीन दिवस जिवाचे रान केले. अडतीस रोगी, अडतीसही जणांच्या उशाशी बसून त्यांनी काय खाल्ले, ते काय प्याले हे त्याने टिपले. त्यांपैकी चौतीस जण सोमवारच्या बाजारात शेवंताबाईच्या रसवंतीवर उसाचा रस प्याले होते. नळाच्या टाकीतले पाणी त्याने तपासले. क्लोरीन अगदी हवे तेवढे. मग उरले काय? रसातला बर्फ. हा निष्कर्ष गुरूंना दाखवायच्या आधीच त्याने सरपंचांना सांगून टाकला, आणि सरपंचांनी त्याच दुपारी रसवंतीच्या चरकाला साखळी घालून कुलूप लावले. शेवंताबाई एकटी बाई. उन्हाळ्याचे तीन महिने रस विकायचा आणि त्यावर वर्ष काढायचे, असा तिचा संसार. लोक तिच्या दारावरून जाताना तोंडाला पदर लावू लागले.

“रसवंती बंद होऊन चार दिवस झाले,” बाई म्हणाल्या. “आज सकाळी आणखी तिघं आली. ती काय रसाची आठवण काढून आजारी पडली?”

“एकमेकांपासून लागण झाली असेल.”

“असेल. ही घे कोरी वही. वय तेच, बाजार तोच, पण ज्यांना काही झालं नाही अशी अडतीस माणसं शोध. आजाऱ्यांना जे विचारलंस ते अक्षरन् अक्षर त्यांना विचार. मग ये, आपण पुन्हा भांडू.”

शिष्य पाय आपटीत निघाला. पहिल्याच घरी एका म्हातारीने विचारले, “काय झालंय रे तुला?”

“मला काही नाही.”

“मग मला झालंय का?”

“तुम्हालाही काही नाही, आजी. म्हणूनच आलोय.”

“बरं,” म्हातारी म्हणाली, “मग बस. चहा टाकते.”

दोन दिवसांत वही भरली. अडतीस धडधाकट माणसांपैकी पस्तीस जण त्याच सोमवारी तोच रस प्याले होते. वैशाखातल्या बाजारात रस प्याला नाही असा माणूस मिळणेच अवघड. शिष्य हापशाच्या कट्ट्यावर येऊन बसला. ज्या पुराव्यावर त्याने एका बाईच्या पोटावर पाय दिला होता, तो पुरावाच नव्हता.

समोर गिरजाक्का घागर भरत होती. तीही त्याच्या धडधाकटांच्या यादीतलीच. त्याने सहज विचारले, “घरी नळ नाही का?”

“नळ हाय की. पाणी कुठंय त्याला? तीन दिवसांनी तासभर येतं, तेवढ्यात खालच्या आळीतले नळालाच मोटर लावून सगळं ओढून घेतात. आमी बसतो हापसत.”

त्याने जुनी वही उघडली. अडतीसांपैकी एकतीस रोगी खालच्या आळीतले होते. त्या घरांत तो तीन दिवस वावरला होता आणि त्याला एकही मोटर दिसली नव्हती. कारण वहीत टिपणारा माणूस दारात दिसला, की चोरून लावलेल्या मोटरीवर पोते पडते. तक्रार करतो तो ज्याला पाणी मिळत नाही तो, आणि त्याच्या घरी तर कोणी आजारीच नव्हते.

पुढच्या पाण्याच्या दिवशी तो जलवाहिनीच्या कडेकडेने चालत गेला. एके ठिकाणी वाहिनी गटारातून जात होती आणि तिचा सांधा उकललेला होता. आळीतल्या मोटरी सुरू झाल्या, तसे गटाराचे पाणी भोवरा धरून त्या भेगेत शिरू लागले. टाकीतले पाणी खरोखरच उत्तम होते. घराघरांत पोचत होते ते निराळेच.

सांधा बदलला. मोटरी निघाल्या, पहिली सरपंचांच्याच न्हाणीघरातून निघाली. शिष्याने सगळ्या गावासमोर आपली चूक कबूल केली. शेवंताबाईने चरकाची साखळी सोडवली आणि म्हणाली, “आठ दिवस माझा ऊस वाळला. तुझी ती पहिली वही दे इकडं. चिपाडासंगं चुलीत घालते.”

त्याने वही तिच्या हातात ठेवली.

परतताना बाई म्हणाल्या, “आजारी माणूस आपण काय केलं ते सांगतो. तेच सगळ्या गावानं केलं होतं का, हे त्याला कुठून कळणार? ते धडधाकट माणूसच सांगतो. म्हणून रोग्याच्या खाटेशी बसावंच, पण शेजारच्या दारातही जावं.”

हे शिष्याला पटले होते, तरी त्याचा राग आतल्या आत धुमसत होता. तो थांबला. “मॅडम, रसात काही नव्हतं हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला धडा मिळावा म्हणून तुम्ही त्या बाईचं कुलूप तसंच राहू दिलंत. हे बरोबर नाही.”

बाई वळल्या. रागावल्या नाहीत. त्याने शेवंताबाईसाठी आवाज चढवला, हे त्यांना आवडले असावे.

“ठाऊक असतं तर कुलूप निघेपर्यंत त्या चरकावर मीच जाऊन बसले असते,” त्या म्हणाल्या, “पण मलाही ठाऊक नव्हतं रे. तुलाही ठाऊक नाही, एवढंच मला दिसत होतं.”